दहा वर्षांचे घर

परदेशी गेलेल्या माणसाने राजवाडे व संग्रहालये पाहावीत, असा प्रघात आहे. गेल्या सुट्टीत पुतण्याकडे लंडनला गेलो असता आम्हीही तो पाळला. परंतु इंदूरला परतल्यावर मनात राहिली ती मात्र सहा बैठी, ठेंगणी घरे.

लंडनच्या आग्नेय भागात कॅटफर्ड हे उपनगर आहे. तेथे ‘एक्सकॅलिबर’ नावाची वसाहत वसली. नाव आर्थर राजाच्या तलवारीचे, रस्त्यांची नावे त्या कथांतील सरदारांची. घरे मात्र सपाट छपराची, लाकडी सांगाड्याला अ‍ॅस्बेस्टॉस-सिमेंटचे तक्ते जोडून केलेली.

दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बवर्षावाने असंख्य कुटुंबे उघड्यावर पडली होती. विटांची टंचाई, गवंड्यांचीही टंचाई. तेव्हा घराचे भाग कारखान्यात घडवावेत, मालमोटारींवरून आणावेत आणि जागेवर जोडावेत, अशी योजना निघाली. १९४४ साली तसा कायदा झाला. अ‍ॅल्युमिनियमच्या घराचा एक प्रकार तर विमानांच्या कारखान्यांत तयार होई व चार तुकड्यांत येई. ब्रिटनभर अशी १,५६,६२३ घरे उभी राहिली. एक्सकॅलिबरची १८० हून अधिक घरे १९४५-४६ मध्ये जर्मन व इटालियन युद्धकैद्यांनी जोडली. पाडणाऱ्या राष्ट्राच्याच हातांनी बांधून द्यावे, हा काळाचा न्याय विलक्षण खरा! घरांचे आयुष्य ठरले होते सुमारे दहा वर्षांचे. त्यांतील कित्येकांनी साठ-सत्तर काढली.

तेथील गल्लीत एक वृद्ध बाई भेटल्या. त्यांचे बालपण अशाच घरात गेले होते. “आधी आम्ही सहाजण दोन खोल्यांत राहत होतो, शौचकूप अंगणात,” त्या म्हणाल्या. “इथे न्हाणीघर, गरम पाणी आणि चक्क रेफ्रिजरेटर! आई आल्यागेल्याला त्याचे दार उघडून दाखवी.” वडिलांनी लावलेल्या गुलाबांविषयी त्या बराच वेळ बोलल्या. हिवाळ्यातील ओल आणि गारठाही त्यांनी लपवला नाही.

दुरुस्ती परवडेना, तेव्हा वसाहत पाडण्याचा विचार पुढे आला. २००९ साली सहा घरांना वारसावास्तू म्हणून संरक्षण मिळाले. २०१० मध्ये रहिवाशांचा कौल घेतला गेला. निम्म्याहून थोडे अधिक लोक पाडण्याच्या बाजूचे निघाले. ज्यांना कोरडे, उबदार घर हवे होते त्यांचे चुकले, असे आम्ही कसे म्हणावे? तरी शेजारी-शेजारी त्या प्रश्नावर दुभंगले, हेही खरे. आता पाडलेल्या घरांच्या जागी नवी घरे आली आहेत.

परतताना पुतण्याने विचारले, “काका, आपल्या वाड्याचं काय ठरलं?”

आमच्या पणजोबांनी सात पिढ्यांच्या हिशेबाने सागवानी खांबांवर उभारलेला वाडा चौथ्या पिढीतच रिकामा झाला आहे. भावंडे पुण्याला, बडोद्याला, परदेशी. बांधकाम व्यावसायिकाच्या कागदावर एक आमचीच सही राहिली आहे. आम्हांला दुःख होते ते सागाच्या खांबांचे, असे आजवर वाटत होते. त्या बाईंनी मात्र भिंतींचे नाव एकदा काढले ते गारठ्यापुरते. बाकी सारे आईचे आणि गुलाबांचे.

वाडा वाचेल असे नाही. कदाचित वाचूही नये. पण यंदाच्या गणपतीला सर्वांनी वाड्यावर यावे, अशी पत्रे आम्ही भावंडांना धाडली आहेत. सही त्यानंतर.