तबकडी घरची, सूर कोणाचा?

गिरगावातील जुन्या चाळी पुनर्विकासासाठी रिकाम्या होऊ लागल्या की घरोघरचे माळे उतरतात. पितळेची भांडी मोडीत जातात, शिसवी कपाटाला गिऱ्हाईक मिळते, आणि खोक्यात भरलेल्या ग्रामोफोनच्या तबकड्या रद्दीवाल्याच्या स्वाधीन होतात. त्यांतील काही चोरबाजारात मटन स्ट्रीटवर येऊन एखाद्या शौकिनाच्या हाती लागतात, उरलेल्या फुटतात. व्यापारी घराण्यांना दुकानातील माल नगाने मोजण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय असते. माळ्यावरच्या या मालापर्यंत ती सवय क्वचितच पोहोचते.

अशा खोक्यांत नाट्यपदे आणि भजने निघणार हे गृहीतच असते. पण दक्षिण मुंबईत कधी कधी जॅझही निघते. कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या वस्त्यांतून हे संगीत जन्मले. एकाने चाल मांडायची आणि इतरांनी तिच्यावर आळीपाळीने उपज करायची, ही त्याची रीत आपल्या मैफलीच्या श्रोत्याला फारशी परकी वाटू नये. १९३५ साली लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय व्हायोलिनवादक आपला वाद्यवृंद घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्यामागून ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले. स्मिथच्या वाद्यवृंदाने १९३६ साली ‘ताजमहाल’ नावाचे एक नृत्यगीत तबकडीवर दिले. त्याचा रचनाकार मीना सायलस हा मुंबईचाच बगदादी ज्यू. अमेरिकेचा सूर आणि मुंबईची चाल असे हे मिश्रण होते.

ही पाहुणे मंडळी मुंबईतून गेली तरी विद्या येथे राहिली. गोव्यातील चर्चच्या शाळांतून स्वरलेखन शिकलेले वादक धोबीतलावच्या कुडांमध्ये, म्हणजे आपापल्या गावच्या सामायिक बिऱ्हाडांत राहत आणि रात्री हॉटेलांत वाजवत. आल्दोन्याचे आंतोनियो झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने गाजले. पुढे १९४९ चा दारूबंदी कायदा आला, नाचघरांचा धंदा बसला आणि ही वाद्ये चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाकडे वळली. परळचे राजकमल, महालक्ष्मीचे फेमस ही ठिकाणे त्यांची नवी पेढी झाली. सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’त (१९५१) जी ट्रम्पेट ठसक्याने बोलते, तिच्यामागे चिक चॉकलेटच्या परंपरेचे पाठबळ आहे. गाणे घरोघरी पोहोचले. वाजवणाऱ्यांची नावे मात्र तबकडीच्या लेबलावर सहसा आलीच नाहीत.

आता मूळ प्रश्न. खत्तर गल्लीतील एखाद्या घरात अशा चारशे तबकड्या आहेत असे समजू. त्या वारसाने मुलाकडे आल्या. मालकी कोणाची? बँकेच्या लॉकरचे उदाहरण येथे उलटे करून घ्यावे लागते. लॉकरमध्ये पेटी बँकेची असते आणि ऐवज ग्राहकाचा. तबकडीत पेटी तुमची, आतला ऐवज दुसऱ्याचा. लाखेच्या त्या चकतीवर तुमचा पूर्ण हक्क. तिच्यावर कोरलेल्या ध्वनीची प्रत काढून विकण्याचा नाही. आपल्या खाजगी उपयोगासाठी वा संशोधनासाठी वापरण्याची मुभा कायदा देतो. तीच तबकडी दुकानात गिऱ्हाइकांसाठी लावली, तर ते जाहीर वादन ठरते व त्यासाठी परवाना लागतो, ही गोष्ट कित्येक दुकानदारांना नोटीस आल्यावरच कळते.

शिवाय हा ऐवज एकाचा नसतो. रचना संगीतकाराची, शब्द गीतकाराचे, ध्वनिमुद्रण बहुधा कंपनीचे, आणि प्रत्येकाची मुदत निराळी. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढील वर्षारंभापासून साठ वर्षे चालतो; रचनाकाराचा हक्क त्याच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षे. ही मुदत पूर्वी पन्नास होती. १९९१ अखेर रवींद्रनाथ ठाकुरांच्या साहित्यावरील हक्क संपणार होता, त्या निमित्ताने सरकारने सर्वांनाच दहा वर्षे वाढवून दिली. जे हक्क त्याआधीच संपले होते ते पुन्हा जिवंत झाले नाहीत. म्हणून १९३६ च्या ‘ताजमहाल’ तबकडीचा ध्वनी १९८६ नंतर मोकळा झाला, आणि १९६० साली निघालेल्या तबकडीचा २०२० संपताच.

माइल्स डेव्हिसची ‘काइंड ऑफ ब्लू’ ही १९५९ ची तबकडी जॅझच्या बहुतेक संग्राहकांकडे असते. तिचे ध्वनिमुद्रण युरोपात २०१० पासून मोकळे आहे, भारतात २०२० पासून, आणि ज्या देशात ते झाले त्या अमेरिकेत फेब्रुवारी २०६७ पर्यंत बंद. एकच माल तीन बाजारपेठांत तीन भावांनी! त्यातही डेव्हिस १९९१ मध्ये निवर्तला, त्यामुळे त्याच्या रचनांवरील हक्क भारतात २०५१ अखेरपर्यंत राहणार. व्याज फिटले, मुद्दल बाकी, असा हा खातेउतारा आहे. ‘जुनी तबकडी आहे, आता कोणाचे काय’ असे म्हणून प्रती विकणारे शौकीन हा उतारा शेवटच्या ओळीपर्यंत वाचत नाहीत. प्रती काढून विकणे हा सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैदेचा आणि किमान पन्नास हजार रुपये दंडाचा गुन्हा आहे.

पण दोष एकट्या शौकिनाच्या पदरी टाकून हा हिशेब जुळत नाही. साठ वर्षे हक्क राखणाऱ्या कंपनीवर ती साठ वर्षे माल जपण्याचे किंवा बाजारात ठेवण्याचे बंधन कायद्याने घातलेले नाही. गाजलेली गाणी पुन्हा पुन्हा निघतात, कारण त्यांना उठाव असतो. ताजच्या नाचघरातील एखाद्या वाद्यवृंदाची तीन मिनिटांची तबकडी कोण काढणार? हक्काची मुदत संपते तेव्हा तो ध्वनी जिवंत असेल तर तो कोणा हौशी माणसाच्या कपाटात. कायद्याने ज्याला जेमतेम ऐकण्याची परवानगी दिली, त्याच्यामुळेच लोकांच्या हक्काचा माल लोकांपर्यंत पोहोचायला उरतो. हा विरोधाभास संसदेत कोणी फारसा मांडलेला दिसत नाही.

आणि त्या कपाटालाही अनेकदा कुलूप असते. दुर्मिळ तबकडीची प्रत निघाली की तिचा भाव उतरतो, ही भीती बऱ्याच संग्राहकांना असते. सरळ सांगायचे तर ती अवास्तव आहे. प्रत काढल्याने मूळ वस्तूची किंमत जात नाही. उलट जिच्याबद्दल कोणाला माहितीच नाही तिला गिऱ्हाईक कोठून मिळणार? मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या संस्थेने ही कुलपे थोडीबहुत सैल केली. तिचे संस्थापक-सदस्य सुरेश चांदवणकर हे पेशाने भौतिकशास्त्रज्ञ. संस्थेच्या ‘द रेकॉर्ड न्यूज’ या नियतकालिकात तबकड्यांच्या याद्या आणि कलावंतांची चरित्रे छापून आली. भर अर्थात हिंदुस्थानी संगीतावर व नाट्यपदांवर. हॉटेलांतल्या जॅझला अशी माया लावणारे त्या मानाने थोडे.

वाजवणाऱ्याच्या वाट्याला या सगळ्यात काय आले? १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने चित्रपट संगीताच्या एका खटल्यात निर्मात्याच्या बाजूने निकाल दिला. त्याच निकालाला जोडलेल्या टिपणात न्या. कृष्ण अय्यर यांनी, गायकाला आपल्या कायद्यात हक्कच नाही, याबद्दल खंत व्यक्त केली. १९९४ च्या दुरुस्तीने कलावंतांना सादरीकरणाचा हक्क मिळाला आणि २०१२ मध्ये गीतकार-संगीतकारांच्या स्वामित्वधनाची व्यवस्था झाली. धोबीतलावच्या कुडातून रोज सकाळी वाद्याची पेटी घेऊन स्टुडिओत जाणाऱ्या वादकाला हे सारे फार उशिरा आले. त्याने दिवसाची मजुरी घेतली आणि हिशेब मिटला. त्याचे नाव शोधून वहीत लिहून ठेवणारा संग्राहक, निदान तेवढ्यापुरता, त्याचे थोडे देणे फेडतो.

तेव्हा माळ्यावरून खोके उतरलेच, तर ते काट्यावर चढण्यापूर्वी एक दुपार त्याला द्यावी. तबकड्या आडव्या रचू नयेत, उभ्या ठेवाव्यात. आडव्या गठ्ठ्यात तळच्या तबकड्यांवर भार येतो. मुंबईच्या दमट हवेत बुरशी धरली असेल तर मऊ कापड आणि ऊर्ध्वपातित पाणी पुरते. स्पिरिटचा बोळा चुकूनही लावू नये, सुताराच्या पॉलिशमध्ये लाख स्पिरिटनेच विरघळवतात आणि जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या लाखेच्याच. मग यादी करावी: कलावंत, कंपनी, लेबलावरील क्रमांक. इतकी यादी हाताशी असली तर वारसांना वाटणी करणेही सोपे जाते आणि एखाद्या संग्रहालयाला देणगी द्यायची तर तेथील माणूसही लगेच कामाला लागतो. लेबल फाटून नावे गेली असतील तरी लगेच हात टेकू नयेत. लेबलाच्या कडेला, जेथे खाचा संपतात त्या गुळगुळीत पट्टीवर, साच्यातच उमटवलेला एक छोटा क्रमांक असतो. विजेरी तिरपी धरली की तो दिसतो, आणि कंपनीच्या जुन्या नोंदी उपलब्ध असतील तर त्या आकड्यावरून ध्वनिमुद्रणाचा दिवस, ठिकाण आणि वाद्यवृंद अजूनही सापडू शकतात.