धुपणी

माय दोन वर्षं निंदणीतून अर्ध्यातच उठायची. विचारलं तर म्हणायची, "गर्मी हाये पोटात, धुपणी जाते." रात्री खाज सुटली की उठून बसायची. बापाला सांगणं नाही. मी पोरगी, मलाही नाही. मेडिकलवाल्यानं दिलेली एक गोळी गिळायची. आठ दिवसांनी पुन्हा तेच.

शेवटी मीच तिला तालुक्याला नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ही बुरशी दिसते. सगळ्या जातींवर एकच गोळी लागू पडत नाही. कँडिडा क्रुसेईवर फ्लुकोनॅझोल चालतच नाही. स्राव तपासू, रक्तातली साखरही बघू." तोवर मायला कुणी तपासलंच नव्हतं.

गडचिरोलीकडच्या दोन खेड्यांत राणी आणि अभय बंग यांनी ६५० बाया तपासल्या. १९८९ साली ते छापून आलं. शंभरातल्या ९२ जणींना स्त्रीरोग. त्याआधी कधी तपासणी झालेल्या शंभरात फक्त ८.

मित्रांनो, शिबिरात आपण पाणवठ्यावर बोलतो, गायरानावर बोलतो. घरी जाऊन मायला एकदा विचारा. ती म्हणेल, गर्मी हाये. तिथंच थांबू नका.