सातपुड्यावरून आकाशश्रवण

सातपुड्यात नादाचे मोल काय आहे, हे सपाटीवर राहणाऱ्यास सहसा उमगत नाही. नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी व अक्कलकुवा या तालुक्यांत एका पाड्यावरून दुसऱ्यावर जावयाचे म्हणजे दरी उतरून पुन्हा चढणे आले. परंतु होळीचा ढोल ती दरी क्षणार्धात ओलांडतो. पाय पोहोचण्यापूर्वी नाद पोहोचतो, हा या डोंगरांचा जुना धडा होय. त्याचीच नवी आवृत्ती आम्हांस गेल्या हिवाळ्यात तोरणमाळ येथे पाहावयास मिळाली.

तोरणमाळ हे सुमारे ११५० मीटर उंचीवरील पठार. शहाद्याकडून येणारा रस्ता नागमोडी वळणांनी वर चढतो आणि यशवंत तलावाचे शांत पाणी दृष्टीस पडते. जवळच गोरखनाथाचे मंदिर असून महाशिवरात्रीस तेथे मोठी यात्रा भरते. सीताखाईची दरी पाहून आम्ही मुक्कामी परतलो, तेव्हा अंधार पडला होता. जेवणे आटोपताच आमच्या पुतण्याने आपला लॅपटॉप उघडला व हॉलंडमधील एन्शेडे येथील ट्वेंटे विद्यापीठाचा रेडिओ सुरू केला.

ही काय जादू आहे, ते थोडक्यात सांगतो. जुन्या रेडिओत एक खुंटी फिरवून एकच केंद्र लागत असे. या नव्या यंत्रात आकाशकातून आलेल्या साऱ्या लहरींचे प्रथम आकड्यांत रूपांतर होते आणि हवे ते केंद्र वेचण्याचे काम संगणक करतो. म्हणून एकाच यंत्रावर शेकडो श्रोते एकाच वेळी निरनिराळी केंद्रे ऐकू शकतात. या कल्पनेचा उगमही मनोरंजक आहे. हॉलंडमध्येच ड्विंगेलो येथे १९५६ साली उभारलेली २५ मीटर व्यासाची रेडिओ-दुर्बीण आहे. चंद्रावर आपटून अडीच सेकंदांनी परतणारे हौशी मंडळींचे संदेश तिच्यातून अनेकांस ऐकता यावेत, या हेतूने २००७ च्या अखेरीस ही खटपट सुरू झाली.

मग पुतण्याने इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यातील गूनहिली येथील यंत्र लावले. त्यावर एका उपग्रहामार्फत चाललेली संभाषणे ऐकू येतात. नोव्हेंबर २०१८ मध्ये सोडलेल्या कतार देशाच्या या उपग्रहावर हौशी मंडळींसाठी खास सोय आहे. तो सुमारे ३६००० किलोमीटर उंचीवर, आफ्रिकेच्या माथ्यावर स्थिर भासतो. ब्राझीलपासून थायलंडपर्यंतचा प्रदेश त्याच्या टप्प्यात येतो. पुतण्याने अंगणात जाऊन पश्चिमेकडे, किंचित दक्षिणेस, क्षितिजापासून सुमारे एकतीस अंशांवर बोट दाखविले. डोळ्यांस तेथे काहीच दिसत नव्हते; आवाज मात्र तेथूनच खाली येत होते.

आमच्या आत्याबाई इतका वेळ स्वस्थ होत्या. त्या म्हणाल्या, “अरे, परक्यांचे बोलणे असे चोरून ऐकावे का?” शंका रास्त होती. पुतण्या म्हणाला, “आत्याआजी, हे बोलणे मुळी उघड्यावरचेच. यात गुप्त लिपी चालत नाही की व्यापार चालत नाही. कोणीही ऐकावे, असाच नियम आहे.” त्यावर आत्याबाईंनी चष्मा पुसला आणि खुर्ची जवळ ओढली.

ऐकण्याच्या या मोकळिकीची किंमत याच जिल्ह्याने जाणावी. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारात पंधरा वर्षांचा शिरीषकुमार व त्याचे चार सोबती गोळीबारात धारातीर्थी पडले. त्याच महिन्यांत मुंबईत उषा मेहता व त्यांचे सहकारी जागा बदलीत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवीत होते. १२ नोव्हेंबरला पोलिसांनी तो पकडला. तेव्हा जो ध्वनी गुन्हा ठरला, तसला ध्वनी आज घरबसल्या ऐकता येतो.

तथापि एक गोष्ट मनास लागून राहिली. त्या रात्री आंतरजाल दोनदा तुटले आणि दोन्ही वेळा हॉलंड व इंग्लंड एकदमच मुके झाले. उसन्या कानाची हीच मर्यादा! पावसाळ्यात दरड कोसळून रस्ता बंद झाला व फोनही गेला, तर अशा पाड्यांवरून हाक कोणी द्यावी? २६ जानेवारी २००१ च्या भूजच्या भूकंपात हौशी रेडिओवाल्यांनीच निरोप पोहोचविले होते. त्यांची यंत्रे बॅटरीवर चालतात, त्यांस ना तार लागते ना मनोरा. केंद्र सरकारची परवाना-परीक्षा बारा वर्षे पूर्ण झालेल्या मुलास देता येते. दूरची यंत्रे ऐकून गोडी लागावी आणि त्या गोडीतून धडगाव-तोरणमाळच्या शाळांतील दोन-चार मुलामुलींनी तरी स्वतःचे केंद्र उभारावे, असे आम्हांस वाटते. ढोलाची हाक ओळखणाऱ्या कानांस हे शिक्षण जड जाऊ नये.