उताराचा माणूस

बोरघाटाचं नाव निघालं की लोक चढाविषयी बोलतात. कर्जतला गाडी थांबते, मागून बँकर इंजिनं लागतात, तेवढ्यात खिडकीतून बटाटेवडे आत येतात आणि मग गाडी दमादमानं खंडाळ्याकडे निघते. कल्याणला आमच्या शेजारी राहणारे काका मात्र आयुष्यभर उताराविषयी बोलत राहिले. "चढवायला मागून ढकलणारे असतात गं. उतरवताना ड्रायव्हर एकटा असतो," असं म्हणताना त्यांची मूठ हवेतच ब्रेकच्या दांड्यावर वळायची. गेल्या पावसाळ्यात काका गेले.

साठच्या दशकात ते असिस्टंट म्हणून लागले आणि पुढे घाटातच ड्रायव्हर झाले. त्यांचा सगळ्यात जीव 'खेकड्या'वर. 1928 पासून जीआयपी रेल्वेवर आलेली ही विजेची मालगाडीची इंजिनं, पुढे डब्ल्यूसीजी-1 म्हणून नोंदली गेलेली. एकूण 41, काही स्वित्झर्लंडहून आलेली, बाकीची इंग्लंडहून. इंजिन विजेचं, पण चाकांना जोडणारे दांडे वाफेच्या इंजिनासारखे बाहेरून फिरायचे, आणि उभं असलं तरी ते कण्हत असायचं. काकांना त्या कण्हण्यावरून इंजिनाची तब्येत कळायची. उतारावर त्याच्या मोटारी उलट काम करायच्या, गाडीला आवर घालायच्या आणि त्यातून तयार झालेली वीज वरच्या तारेत परत सोडायच्या. "मी खाली येतोय, त्या विजेवर दुसरा कुणी वर चढतोय," हे सांगताना म्हाताऱ्या काकांचा चेहरा उजळायचा. मला आजही या घाटातली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

एकदा पुण्याहून त्यांच्यासोबत परत येत होते. मंकी हिलला गाडी थांबली. शेजारचे गृहस्थ कुरकुरले, सिग्नल पडला नसेल म्हणून. काका त्यांच्याकडे वळले आणि शिकवणीला बसवावं तसं समजावू लागले. घाट उतरताना गाडीला ठरलेल्या जागी थांबावंच लागतं. मंकी हिलला थांबायचं, ठाकूरवाडीला थांबायचं. तिथले सांधे एरवी मुख्य मार्गाकडे लावलेलेच नसतात, ते असतात कॅच सायडिंगकडे. ती सायडिंग डोंगराच्या अंगावर वर चढत जाते. ब्रेक निकामी झालेली गाडी आपोआप तिकडे वळते आणि त्या चढावर तिचा वेग मरतो. गाडी पूर्ण उभी राहिली, ड्रायव्हरच्या ताब्यात आहे हे दिसलं, की मगच सांधे फिरतात आणि पुढचा रस्ता मोकळा होतो. "थांबता येतं हे आधी दाखवायचं, मग पुढं जायचं," काका म्हणाले. गृहस्थ गप्प झाले आणि सांधे फिरलेले बघायला खिडकीतून वाकले.

इतिहासाची ओढ काकांना याच उतारानं लावली. रोज ज्या 37ला 1 च्या उतारावरून हजारो टन जीव मुठीत धरून खाली आणायचे, तो कुणी आखला, हे त्यांना कळायलाच हवं होतं. पेन्शनीत आल्यावर ते ग्रंथालयात जाऊन बसू लागले. जाड रजिस्टरं भरली. पुणे ते खंडाळा गाडी 1858 मध्येच धावू लागली होती, खालची बाजूही तयार होती. मधला घाट तेवढा लोक पालखीतून, तट्टावरून ओलांडत. जेम्स बर्कली या मुख्य अभियंत्यानं मार्ग आखला आणि 1862 मध्ये, घाटातून गाडी जाण्याच्या आदल्याच वर्षी, तो वारला. सॉलोमन ट्रेडवेल हा कंत्राटदार 1859 मध्ये हिंदुस्थानात उतरला आणि काही आठवड्यांत दगावला. काम त्याच्या बायकोनं, अ‍ॅलिसनं, हाताखालच्या अभियंत्यांकरवी तडीस नेलं. अ‍ॅलिसचं नाव घेताना काका आदरानं 'बाई' म्हणायचे.

पण त्यांचं मन अडकलं होतं ते मजुरांत. 1861 च्या सुमारास घाटात एका वेळी 40 हजारांहून अधिक माणसं खपत होती. पटकी यायची, ताप यायचा, सुरुंग उडवताना माणसं जायची. साहेबांची नावं कागदोपत्री राहिली, या माणसांची नाहीत. काका त्यांच्याविषयी आपल्याच गँगमधली माणसं असावीत तसं बोलायचे, आणि ते मला फार खरं वाटायचं. त्या माणसांनी फोडलेल्या बोगद्यांतून आणि रचलेल्या भरावांवरूनच हा माणूस रात्री-अपरात्री, धो धो पावसात, दरडीवर नजर ठेवून गाडी उतरवत होता. इतिहासाच्या पुस्तकांत मला असा हिशेब क्वचितच सापडला.

रजिस्टरांतली त्यांची पद्धतही ड्रायव्हरचीच. ड्युटीवर निघताना कॉशन ऑर्डर मिळते: कुठून कुठपर्यंत, कारण काय, वेग किती. काकांनी घाटातली प्रत्येक जुनी घटना त्याच रकान्यांत लिहिली आहे. 1867 चा जुलै महिना काढला, तर ठिकाण 'महूकी मल्लीचा पूल', कारण 'पूल कोसळला', वेग 'शून्य'. 1929 समोर रिव्हर्सिंग स्टेशन आहे. खंडाळ्याजवळ तिथं गाडीचं तोंड बदलून पुढं जावं लागे. नवा मार्ग झाला आणि ते बंद पडलं. त्या ओळीत वेगाच्या रकान्यात 'आता थांबण्याचं कारण नाही' असं लिहून, खाली शाईनं जागेचा नकाशा काढला आहे.

त्यांच्या मुलानं ती रजिस्टरं माझ्याकडे दिली आहेत. रोज रात्री थोडी थोडी टाइप करते. अक्षर लागत नाही तिथे काकांच्या जुन्या असिस्टंटना फोन करते. तेही आता ऐंशीकडे झुकलेत. मी ओळ वाचून दाखवते, ते मध्येच अडवतात. परवा म्हणाले, "ते जामरुंग नाही हो, नागनाथ आहे. नागनाथ केबिन. आधी दुरुस्त करा, मग पुढचं वाचा."