'आम्ही' आणि 'आपण'

दर रविवारी सकाळी न्यू जर्सीत मी मुलांना मराठी शिकवते. त्या दिवशी फळ्यावर दोन शब्द लिहिले होते : आम्ही, आपण. दहा वर्षांच्या एका मुलानं हात वर केला. "काकू, दोन्हींचं इंग्रजी 'वी'च ना? मग दोन शब्द कशाला?"

"'आम्ही जेवायला चाललोय' म्हटलं तर तू घरीच राहणार. 'आपण जेवायला जाऊ' म्हटलं, की तूही चपला घालणार."

सगळी हसली. तो मात्र विचारात पडला. शाळेत नुकतीच अमेरिकेच्या राज्यघटनेची सुरुवात पाठ करून घेतली होती. "मग 'वी द पीपल'मधलं 'वी' कुठलं?"

उत्तर मी पुढच्या रविवारावर ढकललं.

१७८७ साली घटना लिहिली गेली तेव्हा ते 'आम्ही'च होतं, आणि तेही थोड्यांचं. गुलाम त्यात नव्हते, या भूमीचे मूळ रहिवासी नव्हते. १७९०च्या कायद्यानं बाहेरून आलेल्यांपैकी फक्त स्वतंत्र गोऱ्या माणसांना नागरिक होता येई. १८८२मध्ये चिनी मजुरांना बंदी झाली. दुसऱ्याच वर्षी आनंदीबाई जोशी डॉक्टर व्हायला इथे आल्या. याच न्यू जर्सीतल्या रोझेल गावी थिओडिशिया कार्पेंटरबाईंनी त्यांना मायेनं घरात घेतलं. आनंदीबाई १८८७मध्ये पुण्यात वारल्या. त्यांच्या अस्थींना न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सीला कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत जागा मिळाली. कायदा 'आम्ही' म्हणत होता, तेव्हा एका घरानं 'आपण' म्हटलं होतं.

कायद्याला मात्र वेळ लागला. भगतसिंग थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. तरी १९२३मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला : सामान्य माणूस ज्यांना गोरे समजतो त्यांत हे बसत नाहीत, म्हणून नागरिकत्व नाही. या निकालावर बोट ठेवून इतर कितीतरी भारतीयांचं मिळालेलं नागरिकत्वही काढून घेतलं गेलं. १९४६मध्ये दार किलकिलं झालं, वर्षाला शंभर भारतीयांपुरतं. १९६५च्या कायद्यानं देशवार कोट्याची जुनी पद्धत मोडली, तेव्हा कुठे आमच्यासारख्यांची वाट मोकळी झाली. ती नागरी हक्कांच्या चळवळीची पुण्याई. काळ्या माणसांनी झेललेल्या लाठ्यांचं ऋण आमच्या व्हिसावर आहे.

आत आलेल्यानं मग करायचं काय? इस्राएल झँगविलच्या १९०८च्या नाटकानं 'मेल्टिंग पॉट' हा शब्द घरोघरी नेला : सगळ्यांनी वितळून एकरस व्हावं. लहानपणी युरोपातून आलेल्या होरेस कॅलन यांनी १९१५मध्ये वेगळं चित्र मांडलं. देश वाद्यवृंदासारखा असावा, प्रत्येक वाद्याचा नाद निराळा आणि मैफल एकच. त्यांच्या या मांडणीत काळ्यांना नीट जागा नव्हती, हे खरं. पण दिशा मला मनापासून पटते.

मी नागरिकत्वाची शपथ घेतली त्या सकाळी आधी खिडकीवर ग्रीन कार्ड जमा केलं. शेजारच्या खुर्चीवर ग्वातेमालाची एक आजी शपथेचे शब्द ओठातल्या ओठात घोकत होती. उभं राहायची वेळ आली तशी तिनं माझं मनगट घट्ट धरलं. तिचा हात थंडगार पडला होता. पुढे माझ्या भारतीय पासपोर्टवर रद्दचा शिक्का बसला, तेव्हा मला त्या हाताची आठवण झाली. शपथेनं माझी निष्ठा मागितली, ती मी पुरती दिली. माझी जीभ तिनं मागितली नव्हती. म्हणूनच रविवारचा वर्ग मला या देशाशी प्रतारणा वाटत नाही.

खंत आहे ती वेगळीच. गणपतीच्या पंगतीतही कानावर येतं, "आम्ही रीतसर आलो, ही माणसं कशी घुसतात बघा." त्या आजीसारख्यांसाठी रीतसर रांग मुळात किती लांब आहे, आहे तरी का, हे कुणी विचारत नाही. ज्या 'आम्ही'नं थिंडना बाहेर ठेवलं, तेच आता आपल्या तोंडात बसलं आहे.

पुढच्या रविवारी मी त्या मुलाला म्हटलं, "सुरुवातीला ते 'आम्ही' होतं. ज्यांना बाहेर ठेवलं, त्यांनीच भांडून भांडून त्याचं 'आपण' करत आणलं. पण अजून व्हायचंय."

त्यानं वहीत लिहिता लिहिता मान वर केली. "'अजून' म्हणजे 'स्टिल', की 'मोर'?"

"दोन्ही," मी म्हटलं.