शून्याखालची उजनी

उन्हं तापली की सोलापुरात चौकशी एकच : ‘उजनी किती मायनस?’ धरण शून्याच्या खाली कसं जातं, हे पाहुण्याला उमगत नाही. इथल्या शाळकरी पोराला उमगतं. यशवंतसागराच्या, म्हणजे उजनीच्या जलाशयाच्या पोटात सुमारे 117 टीएमसी पाणी मावतं आणि त्यातला 63 टीएमसीहून जास्त मृतसाठा; टक्के मोजतात ते त्याच्या वरचे. म्हणजे शून्य टक्के लागलं तरी निम्म्याहून जास्त पाणी तळाशी असतंच. ‘काही नाही रे बाबा’ म्हणत अडीनडीला लुगड्याच्या गाठीतून नोट काढून देणाऱ्या आजीचा हा स्वभाव.

माढा तालुक्यात भीमेवर उजनी 1980 साली पुरी झाली. अडीच किलोमीटर लांब, 41 दरवाजे. पायथ्याशी 12 मेगावॉटचं वीजघरही आहे, पण विजेसाठी तिचं नाव कुणी घेत नाही. विजेचं धरण वर, मुळशीला. टाटांच्या कंपनीचं, सेनापती बापट ज्याच्याविरुद्ध उभे ठाकले ते. मुळा नदीचं ते पाणी एरवी भीमेतून इकडेच आलं असतं. ते घाट उतरून भिऱ्याची जनित्रं फिरवतं आणि कोकणात निघून जातं. उजनी जन्मायच्या आधीच तिच्या ताटातला घास कमी झाला होता, असं मला वाटतं.

सोलापूरच्या पावसावर ती भरत नाही. मावळात झड लागते, खडकवासल्यातून पाणी सुटतं आणि इकडे कोरड्या आभाळाखाली मोबाइलवर ‘दौंडचा विसर्ग’ फिरू लागतो. क्युसेकचे आकडे उसाच्या बांधावर तोंडपाठ असतात. मायनस वीस, मायनस दहा, आणि एका सकाळी ‘प्लसमध्ये आली!’

पाणी खूपच ओसरलं की पळसदेवचं जुनं मंदिर उघडं पडतं. गाव बुडालेली माणसं चिखल तुडवत तिथे दर्शनाला जातात. उजनीची ही बाजू टक्केवारीत येत नाही. तिने सोलापूर जगवलं ते इंदापूर, करमाळा, दौंडच्या घरादारांवर, हे विसरता कामा नये.

आणि या पाण्याबरोबर येतं काय? पुणे, पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत उतरतं. उन्हाळ्यात काठाशी ओंजळ भरली तर पाणी हिरवं दिसतं, वासही येतो. तेच शुद्ध करून सोलापूर शहराला पाजायचं. पुणे-पिंपरीतल्या वाचकांनो, सांडपाण्यावर पुरी प्रक्रिया होते का, हे तुमच्या महापालिकेला विचारा. तुम्ही सोडलेलं पाणी आम्ही पितो.