पांखरांची शिरगणती

नागपुरास समुद्र नाहीं. मुंबई-रत्नागिरीकडील आमचे आप्त पौष महिन्यांत इकडे आले, म्हणजे पहिला दिवस थंडीचें कौतुक करण्यांत घालवितात आणि दुसऱ्या दिवशीं विचारतात, "तुमच्याकडे पाहण्यासारखें काय आहे?" त्यांच्याकडे खाडीच्या चिखलांत रोहित पक्षी उतरतात, वाळूवर कुरवांचे थवेच्या थवे बसतात; तें वैभव आमच्यापाशीं कोठलें? आमच्यापाशीं आहेत तीं तळीं. पण या तळ्यांवर थंडीच्या दिवसांत जे पाहुणे येतात, ते आमच्या आप्तांहून पुष्कळच लांबून आलेले असतात, आणि चहाही मागत नाहींत!

संक्रांतीच्या मागच्या किंवा पुढच्या रविवारीं आमच्या घरांतील दोघें-तिघें पहाटे चारला उठून या पाहुण्यांची शिरगणती करावयास जातात. ही चाल मामंजींनीं पाडली. त्यांचा सारा जन्म हिशेबतपासनिसाच्या नोकरींत गेला. वीस वर्षांपूर्वीं ते निवृत्त झाले, तेव्हां दुसऱ्यांचे आंकडे तपासून कंटाळलेल्या या गृहस्थांस स्वतःचा एक आंकडा जगाच्या हिशेबांत घालावासा वाटला. कोणा स्नेह्याबरोबर एकदां गणतीस गेले, आणि पुढें एक तळें त्यांचेंच होऊन बसलें. सासूबाई या प्रकाराला "ह्यांची वारी" म्हणतात. आणि तळ्यावरच्या एका काळ्या, कपाळीं पांढरा टिळा असलेल्या पक्ष्याचें नांवच 'वारकरी' आहे हें कळल्यापासून तर आपली थट्टा त्यांना अगदीं शास्त्रशुद्ध वाटूं लागली आहे.

यंदां मात्र निघण्यापूर्वींच घरांत एक अवघड प्रश्न उभा होता. तीन वर्षें मामंजींच्या वहींतले आंकडे उतरत चालले होते. गेल्या दिवाळींत डॉक्टरांनीं त्यांना काचबिंदु असल्याचें सांगितलें. नजरेच्या कडा हळूहळू झांकत येतात, आणि ज्याच्या झांकतात त्याला तें पुष्कळ दिवस कळतही नाहीं, असा हा रोग. तेव्हांपासून मामंजी अबोल झाले होते. एके रात्रीं वही मिटून मला म्हणाले, "सूनबाई, पांखरें कमी झालीं कीं माझे डोळे?" मला उत्तर सुचलें नाहीं. थोड्या वेळानें त्यांनींच म्हटलें, "डोळेच निघोत. तें एकट्या माणसाचें नुकसान."

यावर तोड काढली ती माझ्या थोरल्या जावेच्या मुलीनें. ती कॉलेजांत शिकते आणि सहा वर्षें आजोबांच्या हाताखालीं मोजणी करते. ती म्हणाली, "या खेपेस दोघांनीं वेगवेगळें मोजायचें. एकमेकांना आंकडा सांगायचा नाहीं. शेवटीं दोन्ही वह्या समोरासमोर ठेवायच्या." हिशेबतपासनिसाचीच नात ती! मामंजींनीं तत्काळ मान्य केलें. मला मात्र तो रविवार येऊंच नये असें वाटूं लागलें.

ही गणती म्हणजे हौशी लोकांची सहल नव्हे, हें येथें सांगितलें पाहिजे. तिची कुळकथा मनोरंजक आहे. अमेरिकेंत एकोणिसाव्या शतकांत नाताळच्या दिवशीं दोन तट पाडून बंदुका घेऊन निघावयाचें, आणि ज्या तटानें मारलेल्या पशुपक्ष्यांचा ढीग मोठा, तो जिंकला असें समजावयाचें, अशी एक चाल होती. १९०० सालीं फ्रँक चॅपमन या पक्षिशास्त्रज्ञानें सुचविलें कीं, मारूं नका, मोजा. त्या नाताळांत २७ माणसें मोजावयास निघालीं. आपल्याकडे पाणपक्ष्यांची मध्यहिवाळी गणती १९८७ सालीं सुरू झाली. १८८३ सालीं स्थापन झालेली मुंबईची नॅचरल हिस्टरी सोसायटी आणि पाणथळ जागांसाठीं झटणारी वेटलँड्स इंटरनॅशनल ही संस्था यांच्या देखरेखीखालीं ती चालते. मोजणारे बहुतेक सारे आमच्यासारखे बिनपगारी. जानेवारीच कां? तर दिवाळीच्या सुमारास पांखरें येत असतात आणि शिमग्याच्या सुमारास परतूं लागतात. मधल्या दिवसांत तीं त्यांतल्या त्यांत स्थिर असतात. आणि सर्वांनीं एकाच सुमारास मोजावयाचें तें एवढ्यासाठीं कीं, पारडगांवच्या तळ्यावरून उठलेला थवा सायकीच्या तळ्यावर जाऊन बसला, तर तींच पांखरें दोन वह्यांत चढूं नयेत. "सर्व शाखांची शिल्लक एकाच दिवशीं मोजावी लागते," असें मामंजी समजावून सांगतात, आणि ऐकणाराला तें पटतें.

आमचें तळें उमरेडच्या रस्त्यावरून आंत आहे. नांव मुद्दामच लिहीत नाहीं. नांव छापलें कीं पुढच्या रविवारीं मोटारींची रांग लागते, आणि उडतांनाचें छायाचित्र हवें म्हणून कोणीतरी बसलेला थवा उठवितो, हें आम्हीं पाहिलें आहे. तळें मालगुजारी आहे. पूर्व विदर्भांत गोंड राजे व भोसले यांच्या काळांत अशीं तळीं हजारोंनीं बांधलीं गेलीं. भंडारा-गोंदियाकडे या कामांत कोहळी समाजाचा हातखंडा होता, आणि नवेगांवबांधचें विस्तीर्ण तळें ही त्यांचीच कृति. आजही अशीं सहा हजारांहून अधिक तळीं आहेत. १९५१ सालीं मालगुजारी गेली आणि तळीं सरकारजमा झालीं. तेव्हांपासून 'माजी मालगुजारी'चीं आद्याक्षरें घेऊन लोक त्यांना 'मामा तलाव' म्हणतात. मी लग्न होऊन नागपुरास आलें, तेव्हां भाचरें मामाकडे येतात तशीं पांखरें येथें येतात म्हणून हें नांव पडलें असावें, असा अर्थ मीं कैक दिवस लावला होता. अजूनही तोच बरा वाटतो.

या तळ्यांची रचना पांखरांसाठीं केलेली नव्हती. ती धानासाठीं होती. एका अंगास मातीची पाळ, तिच्यापाशीं पाणी खोल. समोरचा कांठ पसरट, उथळ. पावसाळ्यांत भरलेलें पाणी शेतांना सोडीत गेलें कीं हिवाळ्यांत पसरट कांठ उघडा पडतो. तेथें कोंवळें गवत उगवतें, शेतकरी गाळपेर करतात. खोल पाण्यांत पाणकावळे व टिबुकल्या बुड्या मारतात, उथळांत बदकें चिखल चाळतात, आणि गवतावर पट्टकदंब गाईंसारखे चरतात.

आम्ही पोंचलों तेव्हां धुकें होतें. अशा वेळीं तळें आधीं ऐकूं येतें. अडईची शीळ, टिटवीची तक्रार, आणि मधूनच धुक्याच्या पोटांतून चक्रवाकाची ती भरलेली साद. संस्कृत कवींनीं या जोडप्यास रात्रभर विरह भोगावयास लावलें. दिवसां तीं कांठावर शेजारीं शेजारीं इतकीं निवांत बसलेलीं असतात कीं, शापाची आठवणही होऊं नये. सूर्य पाठीशीं येईल अशा बेतानें मामंजी पाळीवर एका टोकास बसले. नात शंभर पावलांवर तिपाईवरची दुर्बीण लावून बसली. मी मधोमध. माझें काम वेळ, हवा, तळ्यावरचे डोंगे, गुरें आणि कुत्रीं लिहून ठेवण्याचें. हें काम हलकें समजूं नये. तळ्यांत जाळें ओढलें जात असेल तर त्या दिवसाच्या आंकड्याचा अर्थच बदलतो.

मोजण्याची रीत साधी आहे. आधीं दहा पांखरें एक-एक करून मोजावयाचीं, तीं किती जागा व्यापतात तें नजरेंत धरावयाचें, आणि मग मापट्यानें धान्य मोजावें तसें तें माप थव्यावरून नेत जावयाचें. थवा लहान असेल तर मात्र डोकींच मोजावयाचीं. मामंजींचा कटाक्ष असा कीं, दिसलें तेंच लिहावें. आणि जें दरवर्षीं दिसे पण यंदां दिसलें नाहीं, त्याच्यापुढें शून्य लिहावें. नवशिका मोजणारा शून्य लिहावयास लाजतो. त्याला वाटतें, आपलेंच कांहीं चुकलें असेल; आणि रकाना कोरा ठेवतो. मामंजी म्हणतात, कोऱ्या रकान्यांत कोणीही कांहींही वाचूं शकतो.

धुकें विरलें आणि एकेक नांव वहींत उतरूं लागलें. फावड्यासारख्या चोंचीचा थापट्या, लांब टोंकदार शेपटीचें तलवार बदक, इवलेंसें चक्रांग. 'हळदीकुंकू' नांवाचेंही एक बदक आहे. काळ्या चोंचीचें टोंक पिवळें, मुळाशीं दोन तांबडे ठिपके. तें बारमाही येथलेंच, पण संक्रांतीच्या महिन्यांत तें दिसलें म्हणजे आम्हां बायकांस हटकून हंसूं येतें. हीं मराठी नांवें आम्हांस ठाऊक झालीं तीं पुष्कळशीं मारुती चितमपल्ली यांच्या पुस्तकांमुळें. वनखात्यांत असतांना ते नवेगांवबांधास राहिले आणि रानांतल्या लोकांच्या तोंडचे शब्द त्यांनीं टिपून घेतले. २०२५ च्या जूनमध्यें ते गेले. त्यांचा ५ नोव्हेंबरचा व सालिम अलींचा १२ नोव्हेंबरचा जन्मदिवस यांमधला आठवडा महाराष्ट्रांत पक्षिसप्ताह म्हणून पाळला जातो.

पण आमच्या तळ्याचा मान पट्टकदंबांचा. पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूस दोन काळे पट्टे असलेला हा हंस मंगोलिया, तिबेट, लडाख या प्रदेशांतून हिमालय ओलांडून येतो. त्याच्या अंगावर बारीक यंत्र बसवून शास्त्रज्ञांनीं पाहिलें, तेव्हां सात हजार मीटरांहून अधिक उंचीवरून गेल्याची नोंद मिळाली. मेघदूतांतले राजहंस मेघाची गर्जना ऐकून मानसाकडे निघतात. रामगिरि म्हणजे आमचें रामटेकच, असें महामहोपाध्याय मिराशी यांनीं प्रतिपादिलें आहे. तें मान्य केलें तर यक्षाच्या मेघास येथून सोबत मिळणें कठीण. आमचे हंस फाल्गुनांतच घरीं गेलेले असतात!

आठाच्या सुमारास एक वृद्ध ढीवर डोंगा ओढीत पाळीशीं आला. त्याची व मामंजींची वीस वर्षांची ओळख. "मोजाले आले का जी?" त्यानें विचारलें. "आवंदा मोठे बदक कमीच हायेत." मामंजींनीं मान वर केली. मीं कारण विचारलें. तो म्हणाला, "पाणीच सोडत नाहीत न आता. वावरात बोअर झाले, तलावाचं पाणी मागते कोन? काठ उघडा पडत नाही, गवत होत नाही. मंग ते काय खाईन?" आणि क्षणभर थांबून, "आमाले मासोळीसाठी पाणी बरंच हाये जी, खोटं काहून बोलू?"

नऊ वाजतां दोन्ही वह्या माझ्या पदरावर उघड्या पडल्या. पट्टकदंब: मामंजींचे ४१, नातीचे ४१. दोघांपैकीं कोणीच कांहीं बोललें नाहीं. दहा वर्षांपूर्वींच्या पानावर १३० लिहिलेले होते, तें आम्हां तिघांसही पाठ होतें. मग चक्रांग: मामंजींचे ६०, नातीचे १४८. डाव्या अंगास लव्हाळ्याच्या सावलींत बसलेला सबंध थवा मामंजींच्या नजरेंतून निसटला होता. ती आपली वही मागें घेऊं लागली. मामंजींनीं तिचा हात धरला आणि दुर्बिणींतून तो थवा दाखीव म्हणाले. पुष्कळ वेळ पाहत राहिले.

नंतर त्यांनीं जुन्या वह्या पिशवींतून काढल्या. मागच्या तीन वर्षांच्या चक्रांगांच्या, थापट्यांच्या आणि अशाच लहान बदकांच्या आंकड्यांवर एकेक आडवी रेघ ओढली. खालचा आंकडा वाचतां यावा अशी, खाडाखोड नव्हे. बाजूस लिहिलें: 'निरीक्षकाच्या दृष्टिदोषामुळें अविश्वसनीय. धरूं नयेत.' खालीं सही व तारीख. चाळीस वर्षांत इतरांच्या कागदांवर असे किती शेरे त्यांनीं मारले असतील. स्वतःवर मारतांना हात कांपला नाहीं एवढें मीं पाहिलें. पट्टकदंबांच्या रकान्यास त्यांनीं हात लावला नाहीं. एवढा मोठा पक्षी, उघड्यावर चरणारा. तो त्यांना दिसत होता, आणि तो खरोखरच उणावला होता.

नात मोबाइलवर नोंदी चढवीत होती. हल्लीं सर्व आंकडे ईबर्ड नांवाच्या जागतिक नोंदवहींत जातात. जुन्या नोंदींची दुरुस्तीही आजच करूं, असें तिनें सांगितलें. आजोबांना बरें वाटावें म्हणून म्हणाली कीं, जगांत पट्टकदंब कांहीं संकटांत नाहीं, आपल्याकडचे दुसऱ्या तळ्यावर गेले असतील. संध्याकाळीं इतर गटांचे आंकडे आले म्हणजे कळेल. तें खरेंच आहे. एका तळ्याच्या उताऱ्यावरून कोणी जातीचें भविष्य वर्तवूं नये. "गेले असतील," मामंजी म्हणाले. "पण या तळ्याच्या खात्यांतून गेले ना? तेवढें लिही. आणि पाण्याविषयीं तो जें बोलला, तेंही शेऱ्याच्या रकान्यांत लिही, त्याच्या शब्दांत."

सासूबाईंनीं दिलेल्या सांबारवड्या आणि तिळाच्या वड्या आम्हीं पाळीवरच सोडल्या. ढीवराला तिळगूळ दिला. पुढच्या वर्षींची कामें तेथेंच वाटलीं गेलीं: नातीनें पाहावयाचें, मामंजींनीं ती सांगेल तसें लिहावयाचें, आणि माझी बढती कुत्रीं मोजण्यावरून तिपाई उचलण्यावर. मामंजी वह्यांना दोरी बांधीत होते, इतक्यांत समोरच्या कांठावरून तो ओळखीचा कलकल आवाज उठला आणि डोक्यावरून पंखांची फडफड गेली. त्यांनीं वर पाहिलें नाहीं, दोरीची गांठ मारतां मारतांच विचारलें, "किती?"

"एकोणीस, आजोबा."

"मोजलेल्यांपैकींच आहेत. पुन्हां धरूं नकोस."